पेन्सिल खाली

खारू सरकत्या जिन्यावर चढली आणि मी खालीच राहिले. एरवी असं होत नाही. एरवी ती माझा हात धरून उभी राहते. पायऱ्या जमिनीतून एकामागून एक उगवत असतात, मी त्यांच्याकडे बघत मनात 'आता, आता' म्हणत असते, आणि माझं 'आता' खरंच येईपर्यंत ती थांबते. मागचे लोक चुळबुळतात, वळसा घालून पुढे जातात. ती हलत नाही. आज मात्र तिचं लक्ष वर होतं. वरच्या मजल्यावर पुस्तकांचं दुकान, तिथं तिच्यासाठी गणिताची पुस्तकं बाजूला काढून ठेवलेली. तिनं पाऊल टाकलं आणि माझा हात तिच्या हातातून सुटला. अर्ध्यावर गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. तिनं मान वळवून खाली पाहिलं आणि सरळ उलटी फिरून उतरायला लागली. जिना वर चाललेला, पोर खाली उतरतेय. भराभर पावलं टाकत होती आणि होती तिथंच होती. तिचे गुडघे हलत होते, वेणी उडत होती, आणि तिच्या खांद्यामागे भिंतीवरच्या जाहिरातीतला दात दाखवणारा माणूस जसाच्या तसा, एक बोटभरही वर नाही की खाली नाही. शेजारून वर जाणारे एक गृहस्थ म्हणाले, "अगं बाळ, वर जाऊन थांब. येईल आजी." तिनं ऐकलं नाही. तिचे डोळे माझ्यावर होते. शेवटी रखवालदारानं बटण दाबून जिनाच बंद केला. तो कचकन थांबला तशी ती दोन पायऱ्या कोलमडली, उरलेल्या धावत उतरली आणि माझ्या पोटावर आदळली. "मावशी, साधा जिना तिकडं आहे," रखवालदार म्हणाला. "दर वेळी सांगतो मी तुम्हाला." मग आम्ही साध्या जिन्यानं गेलो. चढता चढता मी विचारलं, "वर का नाही गेलीस?" ती म्हणाली, "तू खाली होतीस ना." एवढंच. जसं काही विचारण्यासारखं त्यात नव्हतंच.

ते दृश्य डोळ्यांपुढून जाईना. दुकानात बाई पुस्तकं दाखवत होत्या, खारू पानं उलटत होती, आणि मला तिची जागच्या जागी चालणारी पावलं दिसत होती. दमायला झालं असणार तिला. पण दमलेली दिसत नव्हती. सवय असल्यासारखी दिसत होती. ही सवय कुठली, एवढं मला सापडत नव्हतं. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथंच जावी, तसं दिवसभर चाललं होतं.

दुकानातल्या बाईंनी गणिताच्या तीन संचांचे नमुने बघायला दिले होते, ते घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मांडले. पहिला पातळ, नुसत्या सरावाचा. पानोपानी उदाहरणं, मुंग्यांच्या रांगेसारखी. दुसरा म्हणजे पुस्तक कमी आणि कॉम्प्युटरच जास्त. पडद्यावर एक हसरी बाई समजावून सांगणार, मुलानं उत्तर दाबायचं, चूक की बरोबर ते यंत्रच सांगणार. तिसरा जाडजूड, त्यात दोन पुस्तकं. एक मुलाचं आणि एक शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसाचं. त्यात उदाहरणं थोडी आणि 'असं का?' हा प्रश्न फार. लेकीचा जीव तिसऱ्यावर जडला होता, जावयाचा दुसऱ्यावर. माझा कशावर होता ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी नजर त्या मोठ्या माणसाच्या पुस्तकाकडे सारखी जात होती. त्यातली अक्षरं बारीक होती.

खारू शाळेत जात नाही. जायची. जावयाच्या बदल्यांमुळे शाळा बदलल्या, आणि तिसऱ्या शाळेत तिनं वर्गात बोलणं सोडलं. तिथल्या बाई घड्याळ लावून पाढे म्हणायला लावत, आणि ज्याचं अडेल त्यानं सगळ्यांचं होईपर्यंत उभं राहायचं. घरी येऊन ती उभ्यानं जेवायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. मग लेकीनं तिला शाळेतून काढलं, म्हणाली, घरीच शिकवू. जावई म्हणाले, ठीक आहे, पण पाचवी संपली की बघायचं. मागे पडलेली दिसली तर परत शाळा. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना भीती वाटते, आणि भीती वाटली की ते मुदत घालतात. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, दुपारी येते. भाषा, विज्ञान ती घेते. सकाळ मात्र रिकामी, आणि सकाळी घरात माणूस एकच, मी.

मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात उभा जन्म काढला. चादरींच्या गाठोड्यांना रंगीत पट्ट्या असायच्या, लाल कुठल्या वॉर्डाची, पिवळी कुठल्या, ते डोक्यात पक्कं होतं. अक्षराशी माझी गाठ पडायचं कारण नव्हतं. मग पट्ट्या गेल्या आणि चिठ्ठ्या आल्या, तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. वरच्या मजल्यावरच्या एक सिस्टर ड्युटी संपल्यावर आम्हा बायकांना शिकवायला बसायच्या. अक्षरं आली. तोंडी हिशेब तर होताच. पाव, पाऊण, सव्वा, दीड हे कुणी शिकवावं लागत नाही, आईच्या बोलण्यातून अंगात येतं. पण कागदावरचं गणित कधी आलं नाही. एकावर एक आकडा, मधे रेघ, हे माझ्या पाऊणाचंच रूप आहे हे मला खारूबरोबर कळलं. त्या दिवशी मी हातातली पेन्सिल ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते. ओळखीच्या माणसाचा फोटो पहिल्यांदा पाहावा आणि म्हणावं, अरे, हा असा दिसतो होय.

सुरुवातीला ती माझ्यासमोरही गणित करेना. कुणी बघतंय म्हटलं की हात थिजायचा. तेव्हा लेकीनं डोकं चालवलं. म्हणाली, "आई, तू बघायचंच नाही. तूही कर. पुस्तक एक, कागद दोन. दोघी विद्यार्थी." आणि नियम घातला, उदाहरण झालं की पेन्सिल खाली ठेवायची, दोघींच्या पेन्सिली खाली आल्या की मगच पान उलटायचं. कुणी कुणाला उत्तर विचारायचं नाही, घाई करायची नाही. त्या नियमानं पोर सुधारली. मी पेन्सिल खाली ठेवून खिडकीकडे बघत बसायची, आणि ती बापडी जीभ बाहेर काढून, कागदाला भोकं पाडत, कधीतरी पेन्सिल ठेवायची. मला वाट बघायचा कंटाळा नव्हता. मशिनं थांबेपर्यंत वाट बघण्यात माझा जन्म गेलेला. एकदा शून्याच्या खालचे आकडे आले. मला ते काही केल्या पटेनात. काहीच नाही, त्याच्याहून कमी काय असायचं? तेव्हा खारूनं विचारलं, "आजी, तुमचा धुलाईखाना कुठं होता?" म्हटलं, तळघरात. "लिफ्टमध्ये बटण कुठलं होतं?" एकाचं, पण त्याच्याआधी एक आडवी रेघ होती, मी तो ओरखडा समजायची. ती हसून हसून टेबलावर पडली. "आजी, तू सगळा वेळ उणे एकमध्ये काम करत होतीस." घरात त्यानंतर महिनाभर मला 'उणे एक' म्हणत होते. जावईसुद्धा. "उणे एक, चहा घेणार का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

तिसऱ्या संचाबरोबर एक परीक्षा होती, मुलाला कुठल्या पातळीपासून सुरू करावं ते ठरवायला. वेळ लावून द्यायची. लेकीनं ती परवाच कॉम्प्युटरवरून छापून आणली होती, आणि नेहमीप्रमाणे दोन प्रती आणल्या. आम्ही आमच्या जागी बसलो, ती उजवीकडे, मी डावीकडे, कोपराला कोपर. वेळ संपल्यावर कागद तपासले तर खारूनं निम्म्याहून कमी उदाहरणं सोडवलेली. केलेली सगळी बरोबर, पण पुढचा कागद कोरा. पुस्तकवाल्यांचा निकाल म्हणे, पाचवीच पुन्हा. माझा कागद लेकीनं गमतीनं तपासला. "वा, आई, तुझी गाडीही तिथंच अडली," ती म्हणाली. "दोघी एकाच स्टेशनवर उतरलात." जावई म्हणाले, "शेजारी बसवलं की असंच. आई, कॉपी कुणी कुणाची केली?" सगळे हसलो. खारू हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागली.

टोक काढायचं तिला वेडच आहे. खारू हे नाव त्याआधीचं, पुढच्या दातांवरून पडलेलं, पण आता ते जास्त शोभतं. खारीनं शेंग कुरतडावी तशी ती पेन्सिली कुरतडून संपवते. टेबलाच्या तिच्या बाजूला सालींचा ढीग असतो, पातळ, कडेला रंगाची रेघ असलेल्या. सकाळचं गणित आटपलं की तो मी ओल्या फडक्यानं गोळा करते.

संध्याकाळी टेबलाभोवती आम्ही तिघं बसलो. खारू आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं, पण लोटलेल्या दारातून मुलांना उघड्या दारापेक्षा जास्त ऐकू येतं. जावयांनी चष्मा काढून पुसला. "मला वाद घालायचा नाही," ते म्हणाले, "पण आपलं काय ठरलं होतं? मागे पडली तर शाळा."

"एका परीक्षेवरून?" लेक म्हणाली.

"मग कशावरून? तूच आणलीस परीक्षा."

"ती मठ्ठ नाही."

"मी म्हटलं का? हा शब्द तू काढलास." त्यांनी दुसरा संच पुढे सरकवला. "कॉम्प्युटरवर निदान कळेल तरी, रोजच्या रोज, कुठं घोडं पेंड खातंय ते."

लेकीनं तो जाडा संच जवळ ओढला. "हे बघ. हेच घ्यायचं, पण पाचवीचं. पक्कं होईल. शाळेचं नंतर बघू. आणि यात शेजारी बसणारं माणूस लागतं. सहावीचं असतं तर प्रश्न होता. पाचवीचं आईला जमेल. हो ना गं आई? तू बसशील ना अजून एक वर्ष?"

बसेन म्हणाले. लगेच म्हणाले. वर आणखी म्हणाले, "एक वर्ष मागे राहिली म्हणून काय आभाळ कोसळतं? मी किती वर्षं मागे आहे बघा." जावयांनाही हसू आलं. गाडं मार्गी लागल्यासारखं वाटलं. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं, आणि तेव्हा कळलं की ते परवापासून आवळलेलं होतं. दुकानातल्या बाईंनी सहावीच्या पुस्तकाचा नमुनाही बरोबर दिला होता, त्यात अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळलेले होते. तिथं माझी खुर्ची नव्हती. पाचवीच्या पुस्तकात होती. अजून एक वर्ष सकाळी कुणीतरी मला म्हणणार होतं, आजी, ये ना, बसू या. म्हाताऱ्या माणसाला घरात काम असतं, नाही असं नाही. पण ज्या कामात आपली वाट बघितली जाते असं काम फार थोडं. तसं मनात म्हटलं, आणि 'वाट बघितली जाते' या शब्दांपाशी मन अडखळलं. जीभ पुन्हा त्या फटीत गेली.

लेक आणि जावई उठून गेले. मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. लेकीनं आतून विचारलं, "आई, पेन्सिलींचा डबा कुठंय? मागच्या आठवड्यात नवीन आणला होता, त्यात तर नुसती थोटकं उरलीत." मी म्हणाले, "संपवल्या तुझ्या लेकीनं, टोकं काढून काढून." आणि हातातल्या फडक्याकडे पाहिलं. साली त्याला चिकटल्या होत्या. पेन्सिल टोकदार असताना माणूस टोक का काढतं? हाताला काहीतरी हवं म्हणून. हाताला काम कधी हवं असतं? मशीन थांबायची वाट बघताना मी चादरींच्या कडा उगाच सरळ करायची, सरळ असल्या तरी.

मी खुर्चीवर बसले. माझ्याच जागी, डावीकडे. कधी उलटं झालं होतं ते मला आठवेना. असा एखादा दिवस नसणारच. उन्हं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातात, तसं झालं असणार. पहिल्यांदा मी खिडकीकडे बघत तिच्यासाठी थांबायची. मग दोघी जवळजवळ बरोबर ठेवायचो. आणि मग कधीतरी, छेद सारखे करायला लागलो तेव्हा की त्याच्याही आधी, ती लवकर संपवायला लागली आणि पेन्सिल खाली ठेवली तर आजीला घाई वाटेल म्हणून ठेवेना. टोक काढायला लागली. टोक काढणं म्हणजे अजून चाललंय. परवाही तेच झालं. घड्याळ चालू होतं आणि ती माझ्या शेजारी बसून टोक काढत होती. आमची गाडी एकाच स्टेशनवर का थांबली ते घरात कुणालाच कळलं नाही, कारण नियम इतका जुना झाला होता की तो कुणाला दिसतच नव्हता. मला ती जिन्यावर दिसली. जिना वर नेतोय, आणि पोर माझ्याकडे बघत खाली पावलं टाकतेय, जागच्या जागी.

गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. हे मी अंधार पडेपर्यंत तिथंच बसून, दिवा न लावता, नीट निरखून पाहिलं. पाचवी काही वाईट नाही. पोर पक्की झाली असती. माझी खुर्ची राहिली असती. आणि लोटलेल्या दाराआड तिनं 'मठ्ठ' हा शब्द ऐकलेला होता, आणि तरीही बोलली नव्हती, की मी आजीसाठी थांबले होते. बोललीही नसती. उद्या विचारलं तर नाही म्हणेल. 'मला येत नव्हतं' असंच म्हणेल, माझ्या डोळ्यांत बघून.

मी लेकीला हाक मारली. "ती परीक्षा उद्या परत घे. सहावीची असेल तर तीही घे."

"कशाला, आई? ठरलं ना आता."

"माझ्यासाठी घे. आणि दोन प्रती काढ."

"तू सहावीची परीक्षा देणार?" ती हसली. "उणे एकवरून एकदम गच्चीवर?"

"दोनच काढ," मी म्हणाले.

सकाळी लेकीला सुट्टी होती. ती सोफ्यावर घड्याळ घेऊन बसली, जावई दाराशी चहाचा कप घेऊन उभे राहिले. आम्ही आमच्या जागी बसलो. मी माझ्या कागदावर वर माझं नाव लिहिलं, कारण नाव लिहायला मला आवडतं, आणि पेन्सिल खाली ठेवली. खारू पहिल्या उदाहरणावर होती. तिचं झालं, तिनं सवयीनं टोकयंत्राकडे हात नेला, आणि तिला माझी पेन्सिल टेबलावर आडवी दिसली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे बघत होते. पूर्वी बघायची तशीच. तिनं दुसरं केलं, पुन्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. माझी पेन्सिल खालीच होती. तिसरं. चौथं. पान उलटलं. प्रत्येक उदाहरणाला ती बघायची, मग एक सोडून एकाला, आणि मग एका पानावर, मधल्या कुठल्याशा ओळीपाशी, तिनं बघायचं सोडलं. मला ते कोपराला कळलं. माझ्या कोपराला टेकलेलं तिचं कोपर सुटलं आणि ती कागदावर वाकली. खोलीत तिच्या पेन्सिलीचा आवाज एवढाच होता. पान उलटलं, पुन्हा उलटलं. चांगलं वाटत होतं आणि दुखत होतं, आणि दोन्ही एकाच जागी, वर एक, खाली एक, मधे रेघ.

वेळ संपायच्या आधी तिचं संपलं. लेकीनं कागद घेऊन तपासला. तपासता तपासता तिचा चेहरा बदलत गेला. पाचवीची परीक्षा पूर्ण, आणि सहावीतलंही बरंच. ती उठून जावयांना कागद देऊन आली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, कप दाराशीच खाली ठेवला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. "मग परवा काय झालं होतं?" ते म्हणाले. लेक टेबलाकडे बघत होती. टेबलावर आज एकही साल नव्हती. मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मी फडकं शोधायला लागले.

"सहावीचा मागवू," जावई म्हणाले. जाड्या संचावर त्यांनी हात ठेवला. "हाच. शेजारी मी बसेन, संध्याकाळी. एक दिवस मी, एक दिवस तू." मग म्हणाले, "मलाही आठवत नाही म्हणा त्यातलं काही."

"मोठ्यांचं पुस्तक मी वाचीन आणि तुम्हाला सांगेन," खारू म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता. तेवढ्यात तिनं माझा कागद ओढून घेतला. वर नाव, खाली कोरा. तिनं तो उलटापालटा केला.

"आजी, तू एकही केलं नाहीस."

"नाही."

"पेन्सिल खाली ठेवलीस पण."

"ठेवली खरी."

मला वाटलं, आता रडेल, किंवा रागवेल. तिनं टोकयंत्र घेतलं, माझ्या पेन्सिलीला टोक काढलं, फुंकर मारून बघितलं आणि ती माझ्या हातात दिली. पहिल्या उदाहरणावर बोट ठेवलं. "हे तुला येतं. याच्यात तुझा पाऊण आहे," ती म्हणाली. "तू कर. मी पुढचं वाचत बसते." मग सहावीच्या पुस्तकाचा नमुना उचलून ती माझ्या शेजारीच बसली, उजवीकडे, पाय खुर्चीवर घेऊन.

मी पाऊणाचं निम्मं करायला घेतलं. तोंडानं ते मला केव्हाच आलं असतं. कागदावर मात्र वरचा आकडा वर ठेवायचा आणि खालचा खाली, आणि मग कुणाला कशानं गुणायचं ते आठवायचं. मी आठवत होते. शेजारी पान उलटल्याचा आवाज झाला. माझी पेन्सिल अजून हातात होती.